टेबलावरचं गोणपाट

कुरकुंभला माणूस राहायला म्हणून सहसा येत नाही. तो इथं गाडी बदलतो. पुण्याहून सोलापूरला निघालेली एसटी चौकात थांबते, चार माणसं उतरतात, कुणी दौंडचा रस्ता धरतं, कुणी बारामतीचा. कंपन्यांच्या बसगाड्या एक पाळी उतरवतात, दुसरी भरतात आणि निघून जातात. नवरात्रात फिरंगाईच्या दर्शनाला येणारे तेवढे कुरकुंभसाठी कुरकुंभला येतात. पेपरात गावाचं नाव येतं ते एमआयडीसीत आग लागली की. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी इथल्या एका कारखान्यातून मेफेड्रोनचा साठा पकडला, तेव्हा चार दिवस सगळ्या वाहिन्यांवर कुरकुंभ होतं आणि गावातली माणसं पाहुण्यांचे फोन उचलून 'ते पलीकडं, आपण अलीकडं' असं सांगत होती. जेवणाच्या खोलीसाठी हे गाव अजून प्रसिद्ध झालेलं नाही. ते व्हावं अशी माझ्या भाचेसुनेची इच्छा आहे.

माझी थोरली बहीण, आक्का, या गावात नांदायला आली तेव्हा एमआयडीसी नव्हती. आता तिच्या घराच्या एका अंगाला ऊस आहे आणि दुसऱ्या अंगाला, जरा लांब, धुराडी. भाचा शेती बघतो आणि दोन टेम्पो कंपन्यांच्या कामाला लावून आहे. भाचेसून रसायनशास्त्र शिकलेली. औषधांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत बसून ती आलेला माल पास-नापास करते, आणि ही सवय घरी आल्यावर पूर्णपणे सुटत नाही. जुनं धाब्याचं घर पाडून त्यांनी स्लॅबचा बंगला बांधला. देवघर आक्काच्या मतानं झालं, हॉलमधलं पीओपीचं छत भाच्याच्या मतानं, गेटवरचे दोन सिंह गवंड्याच्या मतानं. जेवणाची खोली तेवढी सुनेच्या वाट्याला आली. ती म्हणाली, "इथं फार्महाऊस स्टाइल करायची."

भाचा म्हणाला, "अगं, शेतातच आहे की घर."

हा मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

तिनं मला फोनवर फोटो दाखवले. पांढऱ्या फळ्यांची भिंत. लांबलचक लाकडी टेबल, त्याचा रंग कडांना उडालेला. टेबलाच्या एका बाजूला खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला बाक. वर लोखंडी पिंजऱ्यात बल्ब. पत्र्याच्या बादलीत फुलं. काचेच्या बरणीत पुन्हा फुलं. खोलीला दाराऐवजी गोठ्याच्या फाटकासारखं काहीतरी, रुळावरून सरकणारं. त्या खोल्यांत एकही माणूस जेवताना दिसत नव्हता आणि शेतावरची म्हणून मांडलेली एकही वस्तू चिखलानं भरलेली नव्हती. मी पुण्यात राहणारा माणूस असल्यामुळं मला ते ताबडतोब आवडलं.

ही हवा आली कुठून, याचा शोध घेणं अवघड नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात वेको नावाचं गाव आहे. तिथल्या चिप आणि जोआना गेन्स या नवरा-बायकोचा 'फिक्सर अप्पर' नावाचा कार्यक्रम २०१३ पासून टीव्हीवर सुरू झाला. पडीक घर घ्यायचं, त्याच्या भिंती सोलायच्या, आत जुन्या फळ्या निघाल्या की आनंदानं ओरडायचं आणि त्या तशाच उघड्या ठेवायच्या. या फळ्यांना शिपलॅप म्हणतात. एकीच्या कडेवर दुसरीची कड चढते, म्हणून वारा-पाणी आत शिरत नाही. तिकडच्या जुन्या घरांत हे आतलं, न दाखवायचं काम होतं. त्यावर कापड नाहीतर कागद चिकटवून ते झाकत. आता कागद फाडून फळ्या दाखवतात, आणि ज्यांच्या घरात फळ्या निघत नाहीत ते प्लायवूडच्या पट्ट्या कापून ठोकून घेतात. आमच्याकडं मातीच्या भिंती झाकायला दोन पिढ्या राबल्या. आधी चुना आला, मग सिमेंट, मग डिस्टेंपर, आणि आता नातसुनांच्या काळात त्या भिंतीवर लाकडाच्या पट्ट्या.

त्या फोटोंतल्या बरणीचीही एक गंमत आहे. तिला मेसन जार म्हणतात. जॉन लँडिस मेसन नावाच्या माणसानं आट्याच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट घेतलं ते नोव्हेंबर १८५८ मध्ये. आणि पुण्याहून दौंडवरून दिकसळपर्यंत आगगाडी सुरू झाली ती डिसेंबर १८५८ मध्ये. एकाच हिवाळ्यात तिकडं बरणी आली आणि इकडं गाडी. दोघींची गाठ आक्काच्या जेवणघरात पडायला दीडशेच्या वर वर्षं जावी लागली. आक्कानं बरणी हातात घेतली, उलटी करून बघितली आणि त्यात शेंगदाण्याची चटणी भरली. फुलं दुसऱ्या दिवशी स्टीलच्या तांब्यात गेली.

आगगाडीचा विषय निघाला तो टेबलामुळं. या शैलीत टेबलाचं लाकूड नवं चालत नाही. आधी कुठंतरी आयुष्य काढलेलं लागतं. भाच्याच्या एका मित्रानं रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर सुचवले. दौंड म्हणजे जंक्शन. मनमाडची लाइन इथून फुटते ती १८७८ पासून, बारामतीची नंतर. पिढ्यान् पिढ्या रुळांखाली लाकूड होतं, अलीकडं सिमेंटचे स्लीपर आले. जुनं लाकूड कुणाच्या ना कुणाच्या अंगणात सापडतंच. नमुन्याला एक ओंडका आला. चांगला जाड, काळाकुट्ट, खिळ्यांच्या भोकांसकट. भाचा म्हणाला, "याच्यावरून डेक्कन क्वीन नाही, पण सोलापूर पॅसेंजर नक्की गेली असेल." सूनबाईंनी जवळ जाऊन वास घेतला आणि तिथल्या तिथं माल नापास केला. "मामा, वाळवी लागू नये म्हणून हे क्रिओसोटमध्ये मुरवलेलं असतं. उन्हाळ्यात पाझरतं. लोकांच्या पोटात काय जाऊ नये हे मी दिवसभर तपासायचं आणि रात्री यावर ताट ठेवायचं?" ओंडका गोठ्यापाशी गेला. आता त्यावर कडबाकुट्टीचं मशीन आहे.

शेवटी लाकूड घरातच निघालं. जुनं घर पाडलं तेव्हा माळवदाच्या तुळया आणि कड्या आक्कानं विकू दिल्या नव्हत्या. ताडपत्री टाकून गोठ्यामागं रचून ठेवल्या होत्या. का ठेवल्या म्हणून विचारलं की ती म्हणायची, "लागत्याल कवातरी." ज्यांनी दुष्काळ बघितले त्या बायकांच्या बोलण्यात 'कवातरी' हा मोठा भरवशाचा वार आहे. तो वार उगवला. लाकूड कडुलिंबाचं, आमच्या मेहुण्यांच्या आजोबांनी बांधावरचं झाड तोडून घातलेलं. कडुलिंबाला सहसा वाळवी लागत नाही, त्याला क्रिओसोटची गरज पडत नाही.

दौंडच्या सुतारानं ते कापून, रंधून, जोडून आठ फुटी टेबल केलं. इथवर त्याचं आणि सूनबाईंचं एकमत होतं. पुढचं संभाषण मी समोर उभा राहून ऐकलं.

"आता पांढरा रंग द्यायचा?"

"हो. पायांना आणि बाकाला."

"आणि मग काचकागदानं घासून काढायचा?"

"सगळा नाही. कडेकडेनं. जुना वाटला पाहिजे."

"जुनाच आहे की, ताई. शंभर वर्षांचं लाकूड आहे."

"तसा जुना नाही. चांगला जुना."

सुतारानं पेन्सिल कानामागं ठेवली. "चांगल्या जुन्याचे वेगळे पडतील."

टेबल टेम्पोत घालून आणायचं म्हणजे कुरकुंभ मोरीतून यावं लागतं. दौंडची ही मोरी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं की ती रुळांखालची वाट आहे आणि दौंडकरांच्या बोलण्यात हवापाण्यानंतर तिचाच नंबर लागतो. वर मालगाडी उभी, खाली ट्रॅक्टर, रिक्षा, उसाची ट्रॉली आणि त्यांच्या मधोमध चार पाय आभाळाकडं करून पडलेलं आमचं टेबल. मागच्या मोटारसायकलवाल्यानं विचारलं, "काय, दवाखान्याचा पलंग का?" भाचा म्हणाला, "डायनिंग टेबल." मोटारसायकलवाल्यानं लांबी नजरेनं मोजली. "घरात किती माणसं?" भाच्यानं खरा आकडा सांगितला आणि मग मोरी सुटेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

खोली सजली. एका संध्याकाळी आक्का देवळातून आली आणि टेबलाजवळ थबकली.

"हितं पोतं कुणी हाथरलंय? काय वाळवायचंय?"

"आई, तो रनर आहे."

"कशाचा?"

"गोणपाटाचाच. पण डेकोरेशनचा. टेबलावर असा लांब पट्टा टाकतात."

आक्कानं किंमत विचारली. तिनं ती विचारायला नको होती. कागदी वेष्टनातून, कुरिअरनं, दिल्लीच्या बाजूच्या कुठल्यातरी गोदामातून आलेलं ते हातभर रुंदीचं गोणपाट. आक्का काही बोलली नाही. ती आत गेली, कोठीच्या खोलीत खुडबुड झाली, आणि ती दोन तागाची पोती घेऊन बाहेर आली. "ही घे. खताची न्हाईत, मालदांडीची हाईत. आता ही बी मिळत न्हाईत, समदी प्लॅस्टिकची आल्यात." सूनबाईंनी ती निमूट धुतली, उसवली आणि कुरिअरचा रनर परत पाठवला. माझ्या पाहण्यात सासू-सुनांचं सौंदर्यदृष्टीबाबत झालेलं हे एकमेव एकमत. त्यातही दोघींची कारणं वेगळी होती.

पांढऱ्या रंगाचं काय झालं ते सांगायला हवं. वेकोचं मला माहीत नाही, पण दौंड तालुक्यात पांढरा रंग हा ऋतूनुसार असतो. उसाची तोड झाली की पाचट पेटवतात. आता पेटवू नका, कुजवा, असं कृषी खातं सांगतं, आणि काही जण ऐकतातही. पण एखाद्या संध्याकाळी कुणाचंतरी रान पेटतंच आणि काळ्या काजळीच्या लांब लांब फिती हवेत तरंगत येतात. त्या हातानं झटकायच्या नसतात, फुंकायच्या असतात. झटकल्या की रेघ उमटते. हंगाम संपेपर्यंत त्या बाकाला आणि भिंतीच्या फळ्यांना अशा काही रेघा, डाग आणि छटा आल्या की सुताराला घासायचे वेगळे पैसे दिले ते वाया गेले. चांगलं जुनं इथं आपोआप होतं, सहा महिने धीर धरावा लागतो इतकंच.

सरकत्या फाटकाची गोष्ट अशीच. अमेरिकेतल्या धान्यकोठाराला तसं दार असतं ते कारणानं. गवतानं भरलेली गाडी आत जाईल एवढं तोंड हवं, आणि एवढा मोठा दरवाजा बिजागऱ्यांवर तोलत नाही, वाऱ्यानं आपटतो. म्हणून तो रुळावर टांगून सरकवतात. कोठारात वारा खेळता राहिलेला बरा, त्यामुळं दार आणि भिंत यांच्यामध्ये फट राहिली तरी कुणाचं बिघडत नाही. कुरकुंभमध्ये बिघडतं. एरवी हवा चांगली असते, पण कधी रात्री वारा फिरतो आणि कारखान्यांकडचा एक वास घरात येतो. साध्या दाराला तो थोडा तरी थोपवता येतो; फाटकाच्या फटीतून तो पाहुण्यासारखा सरळ टेबलाशी येऊन बसतो. सूनबाई घास हातात धरून नाक वर करतात आणि म्हणतात, "सॉल्व्हंट आहे. आमच्याकडचा नाही." हे ऐकून सगळ्यांना बरं वाटतं आणि वास आहे तसाच राहतो. आता फटीत जुना टॉवेल खोचलेला असतो. तो फोटोत येऊ नये म्हणून फोटो नेहमी खिडकीच्या बाजूनं काढतात.

आणि पंखा. छताच्या मधोमध एकच हूक. फार्महाऊसच्या नियमानुसार तिथं पिंजऱ्यातले बल्ब हवेत. एप्रिल-मे महिन्यात दौंडला ज्यांनी दुपारचं जेवण केलं आहे त्यांना तिथं काय हवं हे सांगायला लागत नाही. बल्ब मार्चअखेरपर्यंत टिकले. या निर्णयात कुणाचाच पराभव झाला असं मी मानत नाही.

पण भिंतीवरच्या वस्तूंवरून मात्र खरीखुरी वादावादी झाली. सूनबाईंना वाटलं, अमेरिकेची बादली कशाला, आपल्याच घरातल्या जुन्या वस्तू लावू. विचार उत्तम होता. तिनं माळ्यावरून सूप काढलं, रवी काढली, शिंकं काढून त्यात मनीप्लँटची कुंडी ठेवली, आणि लोखंडी फुंकणी घासूनपुसून दोन खिळ्यांवर आडवी टांगली. आक्का शिंक्याला हसली. सुपाला काही म्हणाली नाही. फुंकणीपाशी आली आणि म्हणाली, "ही काढ."

"का, आई? किती छान दिसतीय."

"माझा निम्मा दम हिच्यात गेलाय. आता जेवताना बी हिचंच त्वांड बघू?"

मी आक्काचं जुनं स्वयंपाकघर पाहिलेलं आहे. धाब्याच्या घरात खिडकी नसायची, वर एक झरोका. पावसाळ्यात गोवऱ्या ओल्या, पळकाठ्या ओल्या. फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे. आम्ही पोरं तिच्याकडं सुट्टीला गेलो की बाहेर ओसरीवर बसून चुलीवरच्या भाकरीची तारीफ करायचो. चुलीच्या चवीची आठवण येते ती बाहेर बसलेल्यांना. सोलापूर रस्त्यावर आता ठिकठिकाणी 'चुलीवरचं' मिळतं: दारात रंगवलेली बैलगाडी, छपराला कंदील आणि कंदिलात एलईडी, भिंतीवर नांगर, वाढप्याच्या डोक्याला फेटा. पुण्याची कुटुंबं शनिवार-रविवारी तिथं जाऊन बाजेवर बसून फोटो काढतात. एकदा भाच्यानं हौसेनं आक्काला नेलं. तिनं मटण खाल्लं, चांगलं आहे म्हणाली, मग मागच्या बाजूला जाऊन चुलीशी बसलेल्या बाईशी बराच वेळ बोलत राहिली. परत येताना तिनं एवढंच सांगितलं की त्या बाईला खोकला आहे.

जुन्या वस्तूंविषयी तिला राग आहे असं नाही. पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात मी तिला नेलं होतं. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं हा संग्रह उभा केला. आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, किसण्या, करंडे, दरवाजे, भांडी, म्हणजे राजांच्या तलवारींकडं बघणाऱ्यांनी ज्या वस्तूंकडं बघितलं नाही त्या जमवल्या. आक्का प्रत्येक काचेपाशी थांबत होती. "हे आपल्याकडं व्हतं. ते बी व्हतं. हे मोडीत घातलं." पितळेची भांडी तिनं वजनावर विकून स्टीलची घेतली, त्याचं तिला वाईट वाटत असेल म्हणून मी काहीतरी समजुतीचं बोलू लागलो, तर ती म्हणाली, "चिंच लावून लावून हात फुटायचं." नक्षीदार वस्तू काचेपलीकडं असावी आणि घासायचं काम सरकारी नोकराकडं असावं, ही व्यवस्था तिला एकंदरीत पसंत पडली.

या सगळ्यात ज्या खोलीची एवढी सजावट चालली होती ती खोली जुन्या घरात नव्हतीच. स्वयंपाकघर होतं, सोपा होता, ओसरी होती, पडवी होती. जेवायला वेगळी जागा लागते असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. माणूस जिथं असेल तिथं भाकरी जायची. पेरणीला, खुरपणीला ती फडक्यात बांधून बांधावर जायची. लिंबाखाली बसून कांदा बुक्कीनं फोडायचा, भाकरीवरच कोरड्यास घ्यायचं, पाण्याचा तांब्या फिरवायचा. सुगीत खळ्यावर. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती, उभ्यानं. घरात पुरुष सोप्यात घोंगडीवर बसत, पोरं त्यांच्या कडेला. सालगड्याची भाकरी पडवीत, त्याचं ताट वेगळं आणि ते त्यानंच धुवायचं. आणि बायका सगळ्यात शेवटी, चुलीपुढं, परातीत उरलेलं घेऊन, अर्ध्या मांडीवर, म्हणजे कुणी हाक मारली तर उठता येईल अशा. जमिनीवरच्या पंगतीचं कौतुक करताना आपण ही यादी सहसा पूर्ण वाचत नाही.

टेबलावर जेवणं आपल्याकडं साधं नव्हतंच म्हणा. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात मंडळींनी चहा-बिस्किटं घेतली तर टिळक-रानड्यांसकट सगळ्यांवर ग्रामण्य आलं. चहाच्या कपावरून एवढं, मग टेबलाचं काय सांगावं? आणि ज्या लांब अमेरिकन टेबलाची नक्कल आमच्या सुतारानं केली, त्याच्या लांबीलाही कारण होतं. मळणीचं वाफेचं यंत्र गावात आलं की ते एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायचं, शेजारपाजारचे सगळे हाताखाली यायचे, आणि ज्याचं शेत त्याच्या घरी एवढ्या माणसांचं जेवण. म्हणून लांब टेबल, म्हणून खुर्च्यांऐवजी बाक. बाकावर दाटीवाटीनं एक माणूस जास्त मावतो. त्या माणसांना वाढणाऱ्या बाया तिकडंसुद्धा बहुधा पुरुषांचं उरकल्यावरच बसायच्या. ही गोष्ट फोटोंत येत नाही. फोटोंत कुणीच जेवत नसतं.

नव्या टेबलाशी आक्का पहिल्यापासून बसायची ती स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीवर. बसायची म्हणजे खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर. एक पाय पुढं, एक मागं. कुणी पाणी मागितलं की उठली, कुणी लोणचं म्हटलं की उठली, गॅसवर दूध असलं की कुणी काही न म्हणताच उठली. पूर्वी ती आत असायची म्हणून हे दिसायचं नाही. आता खोली मोठी, दिवे चांगले, सगळं समोर. सूनबाईंची पाळी असली की त्या रात्री दहाला यायच्या, त्यांचं ताट झाकून ठेवलेलं. सुट्टीच्या दिवशी त्यांनी दोन-तीनदा सासूला म्हटलं, "आई, बसा ना नीट." नीट बसायचं कसं हे आक्काला कुणी शिकवलं नव्हतं.

मग दसऱ्याला पाहुणे आले. आठ फुटी टेबल पहिल्यांदाच सगळं भरलं. खुर्च्या पाहुण्यांनी घेतल्या, दाराजवळची खुर्ची मोठ्या व्याह्यांना गेली, आणि बाकावर, भिंतीच्या बाजूला, मधोमध एकच जागा उरली. सूनबाई म्हणाल्या, "आज मी वाढते, तुम्ही बसा," आणि आक्काला हाताला धरून आत सरकवलं. डावीकडं मी, माझा गुडघा सहा महिन्यांपासून रुसलेला. उजवीकडं विहीणबाई, अंगापिंडानं भरभक्कम. मागं भिंत, पुढं कडुलिंब.

पुरणपोळीवर तूप कुणीतरी मागितलं. आक्का सवयीनं उठायला गेली आणि तिला कळलं की उठता येत नाही. ती उठायची तर आधी मी उठायला हवं, माझ्याआधी माझ्या डावीकडचे दोघे. सगळा बाक हलवायचा म्हणजे मोरीत गाडी मागं घेण्यातला प्रकार. "राहू दे, राहू दे," असं चारी बाजूंनी झालं आणि भाचा उठला. स्वतःच्या घरात तुपाचा डबा कुठं असतो हे त्याला माहीत नव्हतं. आतून कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले. आक्का ते आवाज ओळखत होती. "ते न्हाय, त्याच्या खालचं," असं बसल्या जागेवरून सांगत होती. डबा आला. आक्काची पोळी त्या दिवशी गरम असतानाच संपली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. टेबल पुन्हा रिकामं, हव्या तेवढ्या खुर्च्या मोकळ्या. रात्री ताटं मांडली तर आक्का सगळ्यांच्या आधी येऊन बाकाच्या मधोमध बसलेली. मला म्हणाली, "तू हिकडं बस, कडंला." दुसऱ्या कडेला तिनं नातवाला बसवलं आणि त्याला ताकीद दिली की जेवण होईपर्यंत हलायचं नाही. पाठ भिंतीला टेकलेली, दोन्ही मांड्या वर घेतलेल्या, बाकावर तिची व्यवस्थित मांडी.

भाच्यानं जेवता जेवता मान वर न करता म्हटलं, "आई, मीठ."

"मला कुठं उठता येतंय? मीठ वरच्या फळीवर हाय, डाव्या हाताला. आन् आलास तर भाकरी बी आण. दोन हाईत तव्याशेजारी, फडक्यात. गॅस बारीक कर. आरं, बारीक म्हन्ले, बंद न्हाय!"